चाकाची खुर्ची नको, सोबत द्या

प्रति,
जगातल्या सर्वाधिक गर्दीच्या विमानतळांचे व्यवस्थापक,
अटलांटा, दुबई, डॅलस, लंडन, टोकियो, दिल्ली, मुंबई आणि ज्यांना ज्यांना लागू असेल ते सर्व.

विषय : मदत मागणाऱ्या वृद्ध प्रवाशांना लबाड ठरवण्याबाबत, तसेच चौकशी खिडकीत माणूस बसवण्याबाबत.

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

आधी कबुली देतो, मग तक्रार.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं अटलांटाला गेलो, तेव्हा हिच्या तिकिटावर व्हीलचेअर मागून घेतली होती. हिला चालता येतं. नुसतं चालता येतं असं नाही, ही रोज पहाटे अजिंक्यतारा चढते आणि मी मागे पडलो की वरच्या वळणावर थांबून हाका मारते. पाय ठणठणीत आहेत. तरी आम्ही खुर्ची मागितली, आणि पुढच्या खेपेलाही मागणार होतो.

मध्यंतरी दोन गोष्टी झाल्या. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. कुठल्याशा विमानतळावर गेटसमोर पंचवीस-तीस व्हीलचेअर ओळीनं लावलेल्या. प्रत्येकीत आमच्याच वयाचं माणूस, बायकांच्या मांडीवर पिशव्या. खाली लिहिलेलं : 'चढताना लंगडे, उतरताना धावपटू.' ग्रुपवर सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. मीही टाकला, खोटं कशाला बोलू. दुसरी गोष्ट म्हणजे आठवड्याभरानं लेकीचा फोन आला. ती आमची पुढची तिकिटं काढत होती. म्हणाली, "बाबा, या वेळी विचारतायत की आईला नेमकं काय होतं. काय लिहू?"

मला उत्तर देता येईना. म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

अमेरिकेत याला 'मिरॅकल फ्लाइट' म्हणतात असं जावयानं सांगितलं. विमानात चढताना वीस जण खुर्चीत, उतरताना तीन. मधल्या वेळात आकाशात चमत्कार झाला! २०२४ मध्ये तिथल्या एका विमान कंपनीच्या प्रमुखांनी या सवलतीचा सर्रास गैरवापर होतो असं जाहीरपणे म्हटलं. ते अगदीच चूक बोलले असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत काय झालं ते तुम्हालाही ठाऊक असेल. न्यूयॉर्कहून आलेलं एक वृद्ध जोडपं, गृहस्थ ऐंशी वर्षांचे. खुर्च्या कमी पडल्या, बायकोला एक मिळाली, गृहस्थ तिच्याबरोबर चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि त्यातच वारले. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएनं विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. ती बातमी वाचल्यापासून मला स्वस्थ वाटत नाही. त्या दिवशी कमी पडलेल्या खुर्च्यांपैकी एखादीत आमच्यासारखंच कुणी धडधाकट माणूस बसलेलं असणार.

म्हणजे चूक आहे, हे मान्य. पण ती का होते, हे तुमच्यापैकी कुणी विचारलेलं मला दिसलं नाही.

थोडं माझ्याविषयी. मी एसटीत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची १९ वाहतूक नियंत्रक म्हणून. लोक आम्हाला कंट्रोलर म्हणतात. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, आल्या-गेल्या गाड्यांच्या वेळा नोंदवायच्या आणि माइकवरून सांगायचं की अमुक गाडी फलाट क्रमांक पाचवर लागली आहे. माझा स्टँड तुमच्यापुढे चिमूटभर. पण लग्नसराईत, गणपतीत, आषाढीला गर्दी कशी अंगावर येते ते मी पाहिलंय. गर्दीतलं माणूस खिडकीशी येऊन काय विचारतं, हे तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं असं नम्रपणे म्हणतो.

ते माणूस गाडी कुठं लागते हे विचारत नाही. पाटी समोरच असते, त्यानं ती वाचलेली असते. ते विचारतं, "ही कराडला जाते ना?" त्याला 'हो' ऐकायचं असतं. माझ्या वाट्याला रोज दोन-तीनशे वेळा 'हो' म्हणणं आलं. वैताग यायचा. एकदा एका मास्तरांवर खेकसलो, "पाटी वाचता येत नाही का?" ते शांतपणे म्हणाले, "वाचता येते. पण तिला विचारता येत नाही." त्यानंतर मी कुणावर खेकसलो नाही असं नाही, पण कमी खेकसलो.

आता तुमच्याकडे येतो. तुमचे आकडे वाचले की माझं डोकं गरगरतं. २०२४ मध्ये एकट्या अटलांटातून १० कोटी ८० लाखांवर प्रवाशांची ये-जा झाली. २०११ च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख भरला होता. म्हणजे चांदा ते बांदा, तान्ह्या पोरांसकट जवळजवळ सगळं राज्य वर्षभरात एका विमानतळातून गेल्यासारखं झालं. १९९८ पासून अटलांटानं पहिला नंबर सोडलेला नाही. अपवाद एका २०२० चा, तेव्हा तो चीनमधल्या ग्वांगझूला गेला. दुबईत २०२४ मध्ये ९ कोटी २३ लाख, आणि तिथले जवळजवळ सगळे देशाबाहेर जाणारे-येणारे किंवा नुसते विमान बदलणारे. त्या वर्षी दिल्लीही पहिल्या दहांत होती. आपल्या मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालवता येते. तरी वर्षाला पाच कोटींवर माणसं पार होतात. तिथल्या टॉवरमध्ये बसलेल्या मंडळींना हा जुना कंट्रोलर मनापासून नमस्कार करतो.

आणि सोयींना तर तुम्ही काही कमी ठेवलेलं नाही. सिंगापूरनं २०१९ मध्ये छताखाली ४० मीटर उंचीचा धबधबा पाडला. (आमच्याकडे ठोसेघर आहे, पण ते पावसाळ्यात, यांचा बारमाही.) तिथं आत फुलपाखरांची बाग आहे, फुकट सिनेमा आहे. दोह्यात दिव्याखाली बसलेलं भलंथोरलं पिवळं अस्वल आहे, जवळजवळ दोन मजले उंच. मुंबईच्या टर्मिनल दोनमध्ये हजारो कलावस्तू भिंतीवर लावल्यात, त्या पाहून आम्ही दोघं खरोखर थक्क झालो. टोकियोच्या हनेदा विमानतळावर २०२० पासून चालकाशिवाय गेटपर्यंत नेऊन सोडणाऱ्या आणि आपोआप मागे परतणाऱ्या खुर्च्या आहेत. हे सगळं मी नावं ठेवायला सांगत नाही. धबधबा पाडता येतो त्याला नळही बसवता येतो, एवढंच सुचवायचं आहे.

तर गेल्या वर्षी काय झालं ते सांगतो. मधे जिथं विमान बदललं त्या विमानतळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे झालं ते तुमच्यातल्या कुठल्याही ठिकाणी होऊ शकतं, आणि ओळखीच्यांना विचारलं तर होतच असतं.

आम्ही पहाटे उतरलो. पुढच्या विमानाला साडेचार तास होते. विमानाच्या दारातच एक मुलगा हातात टॅब घेऊन नावं पुकारत होता. हिला त्यानं खुर्चीत बसवलं, हिचा पासपोर्ट आणि बोर्डिंग पास मागून घेतला आणि स्वतःच्या खिशात घातला. लेकीनं हिच्या गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात एक कार्ड अडकवलं होतं, सहलीला नेलेल्या पोरांच्या गळ्यात असतं तसं. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं : 'माझ्या आईला इंग्रजी येत नाही. तिला अटलांटाच्या गेटवर पोचवा.' खाली लेकीचा नंबर. मी शेजारून चालत होतो. पुढे विजेवरची गाडी आली. त्यात खुर्चीवाल्यांना बसवलं आणि मला हातानं खूण केली, तुम्ही चालत या. गाडी गेली. ही मान वळवून बघत होती तेवढी दिसली.

मी चालत, मग सरकत्या पट्ट्यावरून, मग पुन्हा तपासणी, पट्टा काढा, चपला काढा, मग छोट्या आगगाडीतून असा पाऊण तासानं बोर्डिंग पासवरच्या गेटपाशी पोचलो. तिथं ही नव्हती. आमचं विमानही नव्हतं. गेट बदललं होतं. बदलल्याचं मला कुणी सांगितलं नाही, कुठं पुकारलंही नाही. पडद्यावर एका ओळीत नंबर बदलला होता आणि तो पडदा मी तीन वेळा वाचूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

विचारावं तर कुणाला? कठड्यामागे एक उभा पडदा होता. त्यावर बोट ठेवलं की पन्नास दुकानांची नावं यायची. 'माझी बायको कुठं आहे' याला त्यात बटण नव्हतं.

ही सापडली त्याला उतरल्यापासून सव्वादोन तास झाले होते. एका कोपऱ्यात दोरी लावून केलेल्या जागेत बारा-पंधरा खुर्च्या होत्या, त्यांत माणसं. ही तशीच, त्याच खुर्चीत. तो मुलगा दुसऱ्या विमानावर गेला होता, कागद त्याच्या खिशात. मला बघितल्यावर हिचं पहिलं वाक्य : "पासपोर्ट त्याच्याकडं आहे." दुसरं वाक्य मला अजून झोपू देत नाही. बाथरूमची पाटी समोर वीस पावलांवर होती. बाई-माणसाचं चित्र, त्याला भाषा लागत नाही. मी म्हटलं, "अगं, जाऊन यायचं की." ती म्हणाली, "उठले असते तर म्हणाले असते, हिला तर चालता येतं."

अजिंक्यतारा चढणारी बाई वीस पावलं चालली नाही, सव्वादोन तास. शेजारी आंध्रातल्या एक बाई होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या बाईंनी हिचा हात धरून ठेवला होता आणि हिनं त्यांना डिंकाचा लाडू दिला होता. (लाडू खोबरं न घालता केले होते. सुकं खोबरं २०२२ पासून सामानात चालत नाही. तेही आम्ही नियमात बसवलं होतं.)

पुढे अटलांटाला पोचलो, नात झाली, सगळं नीट झालं. आणि मग एक गंमत झाली, ती या पत्राचा खरा गाभा आहे. महिन्या-दोन महिन्यांनी जावयानं आम्हा दोघांना नायगारा दाखवायला नेलं. विमान अटलांटाहूनच, म्हणजे जगातल्या सगळ्यात गर्दीच्या विमानतळावरून. जावयानं विचारलं, "आईंसाठी खुर्ची सांगू का?" ही म्हणाली, "कशाला? तुम्ही आहात ना." आणि चालली. तपासणीतून चालली, सगळीकडे चालली. तिथं ए, बी, सी, डी अशा इमारती ओळीनं आहेत आणि जमिनीखालून त्यांना जोडणारी आगगाडी आहे. ए आणि बीच्या मधल्या बोगद्यात तर रानासारखा उजेड केलाय आणि पाखरांचे आवाज सोडलेत. गाडी सोडून ही तो पट्टा वर बघत पायी गेली. अक्षरं ओळीनं असल्यामुळे बी नंतर सी येणार हे हिला न विचारता कळत होतं. ज्यानं कुणी अशी नावं ठेवली त्याला शंभर गुण.

तीच बाई, तेच पाय, तुमच्यातला सगळ्यात मोठा विमानतळ. फरक फक्त सोबतीचा.

तेव्हा आता मुद्दे लिहितो.

मुद्दा पहिला. सोबत ही गोष्ट तुमच्या यादीत आधीपासून आहे, पण मागणाऱ्याला कुणी सांगत नाही. जावयानं मला तिकिटावरची सांकेतिक अक्षरं समजावून दिली. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढता येतात पण लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनेही चढवत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही. ही तिन्ही खुर्च्यांची. आणि चौथं एक आहे : एमएएएस, मास. त्याचा अर्थ भेटा आणि मदत करा. खुर्ची नाही, फक्त माणूस. आम्हाला हवं होतं ते हेच! पण तिकीट काढताना पडद्यावर खुर्चीचं चित्र ठळक असतं आणि मास कुठं शोधायचं ते लेकीसारख्या संगणकात नोकरी करणाऱ्या मुलीलाही कळलं नव्हतं. उलट अशी सोबत आता विकायला ठेवलेली दिसते. दुबईत 'मरहबा', मुंबईत 'प्रणाम'. नावं गोड आहेत, पण पैसे पडतात. खुर्ची फुकट आणि सोबत विकत असेल तर माणूस कशात बसेल? हा हिशोब माझ्या स्टँडवरच्या हमालालाही कळेल.

मुद्दा दुसरा. जबाबदार कोण, हे एकदा ठरवा. युरोपात २००६ च्या ११०७ क्रमांकाच्या नियमानुसार ही मदत विमानतळानं द्यायची, तीही विनामूल्य. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानं ती विमान कंपनीची जबाबदारी आहे. भारतातही विमान कंपनीचीच. एका प्रवासात माणूस तीन देशांच्या जमिनीवर उतरतो आणि प्रत्येक ठिकाणी बोट दुसरीकडे जातं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, आम्ही तीन घरचे.

मुद्दा तिसरा. नवरा-बायकोची ताटातूट करू नका, आणि कागद प्रवाशाच्या हातात ठेवा. यावर जास्त लिहीत नाही. परक्या देशात पासपोर्ट दुसऱ्याच्या खिशात असणं काय असतं, हे तुम्ही स्वतः एकदा करून बघा.

मुद्दा चौथा, माझ्या धंद्याचा. तुम्ही पुकारणं का बंद केलंत? 'सायलेंट एअरपोर्ट' हे नाव ऐकायला सुरेख वाटतं. सतत कानाशी कुणी ओरडत नाही हे मलाही आवडलं, आमच्या स्टँडवर तर कान किटायचे. पण विमान वेळेवर असल्याचं दहा वेळा सांगणं वेगळं आणि गेट बदलल्याचं एकदा सांगणं वेगळं. पहिलं बंद करा, दुसरं करू नका. मोतीबिंदू झालेल्या माणसानं पंधरा फुटांवरच्या पडद्यावर चाळीस ओळींतून आपली ओळ शोधायची, आणि ती सापडेपर्यंत पान पुढे सरकायचं! पडद्यांचा भरवसा किती, ते १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगानं पाहिलं. एका संगणक प्रणालीत गडबड झाली आणि पडदे निळे पडले. आपल्याकडे हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, दिल्लीत पांढऱ्या फळ्यावर मार्करनं विमानांच्या वेळा लिहिल्या. ते फोटो बघून मला, वाईट वाटायच्या ऐवजी, जरा बरंच वाटलं. फळ्यापाशी माणूस उभा होता ना.

मुद्दा पाचवा, किरकोळ, पण पोटाचा आणि पाठीचा. २००६ साली लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला, तेव्हापासून शंभर मिलीच्या वर पाणी तपासणीतून नेण्यावर बंदी आली, आणि काही विमानतळांनी ती आता उठवली असली तरी बऱ्याच ठिकाणी अजून आहे. ठीक आहे, सुरक्षेपुढे आमचं काही म्हणणं नाही. पण पाण्याची बाटली तुम्ही रिकामी करायला लावलीत तर पलीकडे पहिल्याच वळणावर नळ दिसायला हवा. आधी अत्तरांचं दुकान दिसतं. दिसतं म्हणजे काय, वाटच दुकानातून नागमोडी नेलेली असते, पायाखाली चकचकीत फरशी आणि दोन्ही बाजूंना बाटल्या. नळ मग कुठंतरी बाथरूमच्या मागे. आणि बाकांना प्रत्येक सीटमध्ये लोखंडी हात का बसवता? कुणी आडवं होऊ नये म्हणून, हे आम्हालाही कळतं. सिंगापूरनं पाय पसरून झोपायला फुकट जागा केल्यात, तिथं काही आभाळ कोसळलेलं नाही. कोलकात्यात डिसेंबर २०२४ पासून विमानतळावर दहा रुपयांत चहा आणि दहा रुपयांत पाणी मिळतं. म्हणजे मनात आणलं तर होतं.

फुकट वायफायचंही एक सांगून टाकतो. वायफाय जोडायचं तर मोबाइलवर ओटीपी येणार, आणि परदेशात आमच्या मोबाइलला रेंज नाही म्हणून तर वायफाय हवं. ज्यानं हे ठरवलं त्यानं एकदा आमच्या जागी उभं राहून बघावं.

सरकत्या जिन्याबद्दल हिनं लिहायला सांगितलंय. साडी नेसलेल्या बाईला त्याची भीती वाटते, त्यात हसण्यासारखं काही नाही. लिफ्ट असते, पण तिची पाटी जिन्याच्या पाटीपेक्षा लहान असते.

आता मागण्या. स्टँडवर निवेदन घेऊन येणाऱ्यांना मी नेहमी सांगायचो, मागण्या थोड्या लिहा, म्हणजे वाचल्या जातात.

१. तिकीट काढताना खुर्चीच्या शेजारी, तेवढ्याच ठळकपणे 'फक्त सोबत हवी' असा पर्याय द्या. तो विनामूल्य असावा आणि त्याला आजाराचं कारण विचारू नये. भाषा येत नाही, पहिलाच प्रवास आहे, भीती वाटते, ही कारणं पुरेशी माना.

२. इंग्लंडमध्ये गॅटविक विमानतळानं २०१६ मध्ये सूर्यफुलांची हिरवी फीत सुरू केली. ज्यांचं अपंगत्व दिसत नाही त्यांनी ती गळ्यात घालायची, म्हणजे कर्मचाऱ्यांना न सांगता कळतं. आता ती अनेक देशांत चालते. तशीच एखादी साधी खूण वाट न कळणाऱ्यांसाठी ठरवा. आमच्या गळ्यातलं प्लास्टिकचं पाकीट तरी सुटेल.

३. प्रत्येक मोठ्या दालनात एक चौकशी खिडकी, तीत चोवीस तास माणूस, आणि त्याच्यापाशी एक फोन, ज्यावर दुभाषा मिळेल. मराठीच हवी असा हट्ट नाही. हिला हिंदी समजतं.

४. खुर्चीतल्या माणसाबरोबर त्याचं घरचं एक माणूस गाडीत बसेल. पासपोर्ट प्रवाशाकडेच राहील. खुर्च्यांसाठी राखलेल्या जागेत कुणीतरी कर्मचारी असेल आणि तो दर थोड्या वेळानं पाणी आणि बाथरूम विचारेल.

५. गेट बदललं तर जुन्या गेटपाशी तोंडानं पुकारावं. दोनदा.

एवढं केलंत तर ज्यांचे गुडघे खरोखर गेलेत त्यांच्यासाठी खुर्च्या आपोआप मोकळ्या होतील, आणि गैरवापराची तुमची तक्रारही उरणार नाही. खर्च येईल, माणसं लागतील, हे मला कळतं. माझ्याही केबिनमध्ये एका पाळीला तीन माणसं मंजूर होती आणि एक मिळायचा.

लेकीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी तिला परवा कळवलं. कारणाच्या रकान्यात लिही म्हटलं : 'चालता येतं. वाट माहीत नाही.' त्यांची यंत्रणा ते स्वीकारत नाही असं तिचं म्हणणं आहे. दिलेल्या सहा आजारांपैकी एक निवडावाच लागतो. तिकिटं त्यामुळे अजून अडकली आहेत. नातीचा पहिला वाढदिवस जवळ आलाय, तरी लवकर कळवावं. उत्तर मराठीत नसलं तरी चालेल, जावई वाचून दाखवतील.

कळावे.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
सातारा

ता. क. : खुर्ची ढकलणाऱ्या त्या मुलाविषयी आमची काहीही तक्रार नाही. तो एका वेळी दोन-दोन खुर्च्या ढकलत होता आणि शेवटी धावत येऊन त्यानं आम्हाला गेटवर पोचवलं. हिनं त्याला लाडू दिला तर तो घेईना, नियम असावा. हिनं तो बळंच त्याच्या खिशात कोंबला. त्याबद्दल त्याच्यावर कारवाई होऊ नये, ही विनंती.